फक्कीने आखलेला कॉम्प्युटर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला पी.टी.चे सर होते, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "थट्टा करताय ना बाई?" मी थट्टा करत नाही. मी जन्मभर विज्ञान शिकवलं. थट्टा करायला मला फारशी सवड मिळाली नाही आणि आमच्या शाळेत ती करायची गरजही कधी पडली नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. श्रीगोंदा तालुक्यात, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये आमची शाळा. नगरहून पत्र आलं की प्रत्येक शाळेने एक शिक्षक कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवावा. लगेच मीटिंग झाली. गणिताच्या सरांच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. इंग्रजीच्या सरांना एस.टी.त मळमळायला लागलं, तेही मीटिंगमध्ये बसल्या बसल्या. माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू नेमका त्याच आठवड्यात पिकला. पी.टी.चे सर मीटिंगला नव्हते, ते मैदानावर होते. जो हजर नसेल त्याचं नाव सर्वानुमते मंजूर करायचं ही आमच्या मीटिंगची जुनी रीत होती.

निरोप कळल्यावर सर चिडतील असं आम्हाला वाटलं होतं. ते म्हणाले, "जातो की. नवा खेळ असंल. नियम कळलं की झालं."

सर मूळचे खर्ड्याचे. उंच, काटक, उन्हाने रापलेले. "आमी किल्ल्याच्या गावचे. वाकायची सवय न्हाई आमाला," असं ते सारखं म्हणायचे. प्रत्यक्षात दिवसभर वाकलेलेच असायचे, कारण मैदान आखायची पांढरी फक्की दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्यांचा जीव होत नसे. तळाला भोकं पाडलेला एक डबा होता. त्यात फक्की भरून, कमरेत वाकून, उलटं उलटं चालत ते रेषा काढायचे. दोरी न लावता. रेषा इतकी सरळ यायची की भूमितीचे सर वर्गातली लांब पट्टी लावून बघायला यायचे.

पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांना रोज सकाळी खडू घासायचा. गळ्यात शिट्टी. ती जेवतानाही गळ्यातच असायची आणि भाजी फार तिखट असली तर ते तोंडाने काही न बोलता एक छोटी शिट्टी वाजवायचे. प्रथमोपचाराच्या पेटीत आयोडीनची एक बाटली आणि बाकी सगळा गूळ आणि शेंगदाणे. पोराचा गुडघा फुटला तरी हेच औषध, चक्कर आली तरी हेच. गुण मात्र यायचा. स्टाफरूममध्ये ते कधी बसले नाहीत. "खुर्चीत टेकला की मानूस मुख्याध्यापक व्हतो," हे त्यांचं म्हणणं मुख्याध्यापकांच्या देखत चालायचं.

आणि एक खोड होती. तिला खोडच म्हणते मी, कारण गुण म्हणावा तर त्याने कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही. चूक दिसली की ती बोलून मोकळं व्हायचं. दुसऱ्याची तर दुसऱ्याची आणि स्वतःची असेल तर जरा जास्त मोठ्याने.

एकदा तालुक्याच्या कबड्डीचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. नेमलेले पंच आले नाहीत म्हणून दोन्ही शाळांनी मिळून सरांनाच पंच केलं. समोरच्या शाळेनेसुद्धा मान्य केलं, यातच सगळं आलं. शेवटची चढाई, आमचा पोरगा दोन गडी मारून परत आला, सगळं गाव नाचायला लागलं. सरांनी शिट्टी मारली आणि पोराला बाद दिलं. जाताना त्याच्या टाचेचा बाजूच्या रेषेला निसटता स्पर्श झाला होता. तो सरांखेरीज कुणालाच दिसला नव्हता, पोरालाही नाही. ढाल समोरच्या शाळेने नेली.

तो पोरगा गावातल्या सलूनवाल्याचा. दुसऱ्या दिवशी सर दाढीला गेले. त्याने एक गाल केला, वस्तरा पुसला आणि म्हणाला, "दुसरा गाल रेषेभायर हाय. उठा." सर तसेच शाळेत आले, अर्ध्या दाढीने. प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा खाली माना घालून हसत होती आणि हे पुढे उभे राहून 'सावधान' म्हणत होते. मी म्हटलं, "सर, घरी जाऊन उरलेली तरी करून यायचं." तर म्हणाले, "त्याचं बरूबर हाय बाई. पोटचा पोरगा हुता. त्याच्या जागी मी असतो तर एक गालबी केला नसता."

हे गृहस्थ प्रशिक्षणाहून परत आले. काय शिकवलं विचारलं तर म्हणाले, "एका मशीनफुडं अख्खा जिल्हा बसविला हुता. मी उंच, म्हनून मला शेवटी हुबं केलं. मशीन काय दिसलं न्हाई. हे दिलंय." आणि त्यांनी कीबोर्डचा छापील तक्ता उलगडून दाखवला. ए कुठे, बी कुठे, ही अक्षरं ओळीने का नाहीत याचं त्यांना फार नवल वाटत होतं. "ज्यानं आखलंय त्यानं लई इचार केलेला असनार," असं म्हणून त्यांनी तो तक्ता प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवून दिला.

पुढे लवकरच मशीन आलं. साखर कारखान्याच्या हिशेब खात्याने नवं घेतलं, मग जुन्याचं काय करायचं, तर शाळेला दान. पण दानाला अट होती. सहामाहीला आणि वार्षिकला नगरचे साहेब येऊन बघणार, पोरांना काही येतंय का. दोन्ही वेळा शेरा चांगला आला तर मशीन कायमचं आमचं. एक जरी वाईट आला तर ते तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणार. तिथे खोली तयारच होती, म्हणे.

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ठरवलं की मशीन टिकवायचा एकच उपाय, ते वापरायचं नाही. नारळ फुटला, हार घातला गेला, पेढे वाटले गेले आणि मशीन एका खोलीत बंद झालं. मुख्याध्यापकांच्या मिसेसनी जांभळ्या मखमलीची खोळ शिवून दिली, तिला सोनेरी झालर. खोलीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या करदोट्याला. ती मागायची म्हणजे मागणाऱ्याचीच पंचाईत, निदान आम्हा बायकांची तरी.

आत चपला-बूट घालून जायचं नाही असा नियम झाला. तिथे सरांचं बिनसलं. "बूट मी फकस्त देवळात काढतो. हे देऊळ न्हाई." मुख्याध्यापक म्हणाले, "सर, धुळीने मशीन खराब होतं." सर म्हणाले, "मंग माझी धूळ बूट काढल्यावर कुटं जानार? ती अंगावरच हाय." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनीही जागा सोडली नाही. परिणाम असा झाला की कॉम्प्युटर शिकवणारे सर कॉम्प्युटरच्या खोलीत कधी गेलेच नाहीत.

पण तासाला कॉम्प्युटर होताच. वेळापत्रकात नववीला आठवड्यातून दोन तास लागले होते. पहिल्या तासाला सरांनी फक्कीचा डबा काढला, तक्ता हातात धरला, झेंड्याच्या ओट्यावर उभे राहून नजरेने माप घेतलं आणि सगळ्या मैदानावर कीबोर्ड आखला. एकेक चौकोन पोरगं आरामात उभं राहील एवढा. चौकोनात अक्षर. ओट्याच्या बाजूला स्पेसची लांबलचक पट्टी, एकदम पलीकडे आकड्यांची ओळ. कडुलिंबाची सावली एंटरवर यायची, त्यामुळे दुपारी तिथे शेळ्या बसलेल्या असत आणि तास सुरू करायच्या आधी एंटर मोकळा करून घ्यावा लागे.

मग शिट्टी. सर ओट्यावरून शब्द सांगायचे आणि पोरं पलीकडे रांगेत, ओट्याकडे तोंड करून उभी. एक शिट्टी झाली की एकाने पळत जाऊन पहिल्या अक्षरावर उडी घ्यायची, दुसरी शिट्टी, तिथून दुसऱ्या अक्षरावर. मोठं अक्षर हवं असेल तर दुसऱ्या पोराने शिफ्टच्या चौकोनात पाय रोवून उभं राहायचं, पहिल्याची उडी होईपर्यंत हलायचं नाही. डिलीट म्हटलं की त्या अक्षरावरचं पोर बाद, जाऊन लिंबाखाली बस. शेवटी सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "सेव्ह!" ते ओरडायला विसरले तर सर सगळा शब्द पुन्हा पळायला लावायचे. "सेव्ह न्हाई केलं आन वीज गेली, मंग? सगळा डाव वाया."

वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी राहून मी हे बघायची आणि माझं डोकं फिरायचं. एकदा न राहवून म्हटलं, "सर, कॉम्प्युटरला हात लागल्याशिवाय कॉम्प्युटर कसा येईल?"

"पोहायला शिकताना तुमाला आधी ओट्यावर पालथं पाडून हात मारायला लावलं नव्हतं का?"

"मला पोहायला येत नाही."

"बघा, म्हनूनच," सर म्हणाले. "कीबोर्ड पायात गेला पायजे बाई. पायातनं हातात यायला येळ लागत न्हाई."

आणि खरं सांगायचं तर तो गेला होता पायात. ज्या पोरांना इंग्रजीच्या तासाला ए-बी-सी-डी धड म्हणता येत नव्हती, ती डोळे मिटून पीवरून एलवर उड्या घेत होती. त्यातली वैशाली तर विचारू नका. बाप कारखान्यात गव्हाणीवर, उसाच्या मोळ्या टाकायच्या कामावर. पोरगी खो-खोत चपळ, बोलायला फटकळ, नजर तीक्ष्ण. सर अर्धा शब्द सांगायचे, तोवर ही पुढच्या अक्षरावर पोचलेली असायची.

सहामाहीला नगरचे साहेब आले. सफारी, हातात पाकीट, घसा बसलेला. चहा-बिस्किटं झाली. मुख्याध्यापकांनी किल्ली काढली, खोळ काढली, मशीन सुरू झालं, पंख्यासारखा आवाज करायला लागलं. आम्ही सगळे अनवाणी आत उभे, सर बूट घालून दाराबाहेर. मुख्याध्यापकांनी वर्गातला पहिला नंबर पुढे केला. साहेब म्हणाले, "इंग्रजीत अहमदनगर लिहून दाखव."

पोराने हात उचलला आणि ए उजवीकडे शोधायला लागलं. तिथे भलतंच काहीतरी. त्याने दाबलं, पडद्यावरही भलतंच उमटलं. तो डावीकडे गेला, परत उजवीकडे आला. त्याच्या मानेवर घाम दिसायला लागला. एवढं मैदान तुडवलेलं पोर, आणि त्याला साधा ए सापडेना. मुख्याध्यापक म्हणाले, "घाबरलाय साहेब," पण ते स्वतः त्याच्याहून घाबरलेले दिसत होते. साहेबांनी पाकिटातून पेन काढलं. इंग्रजी शाळेतली ती तयार खोली आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

मागून वैशाली मान वाकडी करून कीबोर्डकडे बघत होती. ती एकदम म्हणाली, "साहेब, ह्ये उलटं ठिवलंय."

"काय उलटं?"

ती पुढे आली, पोराला बाजूला सारलं, कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि गरकन फिरवून ठेवला. वायर तिच्या पोटाकडे, आकड्यांची ओळ तिच्याजवळ, सगळी अक्षरं डोक्यावर उभी. आणि तिने टाइप केलं. एकेक बोटाने, पण न थांबता, न चुकता. पडद्यावर सगळं जिल्ह्याचं नाव सुलटं उभं राहिलं.

साहेबांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा कीबोर्डकडे. "हा काय प्रकार?"

मुख्याध्यापक हा काही हुशार माणूस नव्हे, पण संकटात त्यांना सुचत असे. "पद्धत आहे साहेब, आमच्या शाळेची," ते म्हणाले. "मुद्दाम उलटा शिकवतो. अक्षरं उलटी दिसली की पोराला बघून टाइप करायची सवयच लागत नाही. सगळं लक्षात ठेवावं लागतं."

इतकं पटण्यासारखं खोटं मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. शेरेबुक पुढे ओढून ते लिहायला लागले, 'अभिनव उलट पद्धती', 'अनुकरणीय', असं मला तिरक्या नजरेने वाचता आलं. मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला. घोडं गंगेत न्हालं होतं.

तेव्हा दाराबाहेरचे सर दिसले मला. ते एकदा खोलीतल्या कीबोर्डकडे बघत होते, एकदा मागे वळून मैदानाकडे. ओठ हलत होते, बोटं हवेत डावं-उजवं करत होती. मग त्यांचा चेहरा असा झाला, की मी घाईघाईने त्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी बघितलं नाही. ते बुटांसकट आत आले. मुख्याध्यापकांनी आधी बुटांकडे बघितलं, त्यामुळे त्यांना थांबवायला उशीर झाला.

"साहेब, पद्धत बिद्धत काय न्हाई. माझी चूक हाय."

"म्हणजे?"

"मी कीबोर्ड ओट्यावरनं आखला. आमचं कवायतीचं सगळं तसंच असतंय, पाव्हना ओट्यावर बसतो, त्याला सुलटं दिसाया पायजे. पोरं तिकडनं इकडं तोंड करून हुबी असत्यात, त्यास्नी उलटं दिसतंय, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली न्हाई. आता ही पोरगी बोलली तवा आली."

पाहुण्याला दिसावं म्हणून पोरांना उलटं शिकवलं, असं एवढ्या सरळ शब्दांत मी शिक्षण खात्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, शेऱ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"सर, शेरा लिहून झालाय. सही झालीय. शासकीय शेऱ्यात खाडाखोड चालत नाही."

"मंग त्याच्याखाली दुसरा लिवा."

"एका दिवशी दोन शेरे? खुलासा मला मागतील, तुम्हाला नाही." साहेबांनी शेरेबुक मिटलं. "पद्धत चांगली आहे. चालू ठेवा."

अशा रीतीने खरं बोलूनसुद्धा मशीन वाचलं. सरांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

त्यांनी त्याच संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं आणि कीबोर्ड पोरांच्या बाजूने, सुलटा आखला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मुख्याध्यापक पँटचे पाय दुमडून, हातात बादली घेऊन तो पुसताना मी पाहिले. पहिल्या सुट्टीत सरांनी परत आखला. हे किती दिवस चाललं विचारू नका. मुख्याध्यापकांची तब्येत त्या काळात चांगली सुधारली. मध्येच इतर शाळांचे शिक्षक 'उलट पद्धत' बघायला यायचे, मग मुख्याध्यापक त्यांना ओट्यावर उभं करून भाषण द्यायचे आणि त्या दिवसापुरता कीबोर्ड उलटा असायचा. पाहुणे गेले की पुन्हा सुलटा. पोरांचे पाय, बिचारे, दोन्हीकडून तयार झाले. सरांनी भांडून भांडून आठवड्यातून एकदा खोली उघडायला लावली आणि पोरं खऱ्या कीबोर्डवर सुलटा हात बसवायला लागली. सर दाराबाहेरूनच शिट्टी मारायचे.

वार्षिकची तपासणी जवळ आली तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "ह्या खेपेला साहेबांनी पेनाचं टोपन काढायच्या आधी मी सांगनार. पोरं सुलटंच करतील. पहिला शेरा चुकीचा हाय असं लिवा म्हननार."

मुख्याध्यापक हात जोडून उभे राहिले. "सर, दुसरा शेरा होऊ द्या. मशीन एकदा आपलं झालं की तुम्ही उलटं शिकवा, सुलटं शिकवा, आडवं शिकवा."

"पोरं उद्या कुठल्या हापिसात गेली आन बोर्ड फिरवाया लागली तर लोक हसतील. मला न्हाई, पोरांला."

"पहिला शेरा चुकीचा म्हटल्यावर साहेब दुसरा चांगला लिहितील का?" मी म्हटलं. मला राहवत नव्हतं. "मशीन जाईल, सर. मग सुलटं शिकून पोरांनी काय करायचं? मैदानात उड्या मारायच्या?"

सर माझ्याकडे वळले. "बाई, तुमी सायन्सच्या. चुकीचं उत्तर परीक्षकानं बरूबर धरलं, तर फुडल्या वर्गाला तुमी तेच शिकवाल?"

उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. तसा तेव्हाही आला आणि आजही येतो. एका माणसाच्या हट्टापायी शंभर पोरांच्या हातातलं मशीन जाणार होतं आणि तो माणूस बरोबर होता. अशा माणसाचं काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी मात्र काढलं शोधून. तपासणीच्या नेमक्या त्याच दिवशी नेवाशाला मुलांच्या खो-खोचा सामना होता. संघाबरोबर कोण जाणार? गणिताच्या सरांचा दुसरा मेव्हणा उभा राहिला. इंग्रजीच्या सरांना पुन्हा मळमळायला लागलं. सरांनी विचारलं, "तारीख तीच हाय व्हय?" आणि संघाची यादी करायला गेले. त्यांना डाव कळला नाही असं मी म्हणणार नाही. पण पोरांनी सगळा हिवाळा घाम गाळला होता आणि त्यांना घेऊन जाणारं दुसरं कुणी नव्हतं.

निघायच्या आधी त्यांनी नववीला मैदानावर गोळा केलं. "साहेबांनी इचारलं तर खरं सांगायचं. सुलटं करायचं. कळलं का?" पोरं म्हणाली, "व्हय सर." कारखान्याच्या टेम्पोत संघ चढला, सर पुढे चढले.

साहेब आले ते दोन पाहुणे घेऊन. जिल्ह्यात गाजलेली पद्धत दाखवायला. वैशालीला पुढे बसवलं. "दाखव बाळ, ती उलट पद्धत," साहेब म्हणाले.

कीबोर्ड तिच्यासमोर सुलटा होता. आता तो तिला तसा छान येत होता, हे मला माहीत होतं. मी स्वतः पाहिलं होतं. तिने दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. मग दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मुख्याध्यापकांनी पाठीमागे हात जोडले होते, ते मला दिसत होते. मला काय व्हायला हवं होतं ते मी सांगू शकत नाही, दोन्ही हवं होतं.

तिने कीबोर्ड उचलला आणि फिरवला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शेरा लिहिला, या वेळी दोन परिच्छेद. एका पाहुण्याने विचारलं, "हे तुला तुमच्या सरांनी शिकवलं?" वैशाली म्हणाली, "व्हय." मशीन आमचं झालं.

संध्याकाळी टेम्पो आला. पोरं ढाल घेऊन ओरडत उतरली, सर मागून उतरले आणि ढालीबद्दल एक शब्द न बोलता विचारते झाले, "मशीन?"

"राहिलं!" मुख्याध्यापक पेढ्याचा पुडा घेऊन पळतच आले. इतका आनंदलेला माणूस मी त्या शाळेत पुन्हा पाहिला नाही. त्यांनी सरांच्या हातावर पेढा ठेवला. सरांनी पेढ्याकडे बघितलं, मग ओट्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या वैशालीकडे. ती घरी गेली नव्हती. मी तिला दोनदा 'जा' म्हटलं होतं.

"काय केलंस?"

"उलटं केलं सर."

"मी काय सांगितलं हुतं?"

"सुलटं करा म्हनला हुता."

"इसरलीस?"

"न्हाई सर. ध्यानात हुतं."

"मंग?" सरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "समजून उमजून खोटं केलंस?"

"व्हय सर," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली घातली नव्हती. "तुमी नव्हता न्हवं. तुमी असता तर मशीन गेलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "आता ऱ्हायलंय. आता शिकवा सुलटं."

मुख्याध्यापक हसायला गेले आणि मध्येच थांबले. पोरं ढाल घेऊन आत गेली. सर पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते. पेढा अजून हातात तसाच होता, तो त्यांनी तोंडात टाकला आणि गिळवत नसल्यासारखा चघळत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "जरा पानी द्या."